‘सर, मी बरा आहे’

मेंदूला हादरा बसलेल्या, म्हणजे कंकशन झालेल्या, दहा खेळाडूंपैकी जेमतेम एखादाच बेशुद्ध पडतो. उरलेले नऊ जण उठतात, जर्सी झटकतात आणि ‘सर, मी बरा आहे’ म्हणतात. हौशी रग्बीच्या प्रशिक्षकाला निर्णय घ्यायचा असतो तो या नऊ जणांबद्दल, आणि बहुतेक वेळा डॉक्टर जवळ नसताना.

म्हणूनच ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी काढलेल्या सूचनांनी निदानाचे ओझे त्याच्यावर ठेवलेच नाही. शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. तोल जाणे, भांबावलेली नजर, शेवटचे गुण कोणी केले ते न आठवणे, यांतले एकही पुरेसे आहे. पुढचे २४ तास त्याला एकटे सोडायचे नाही, गाडी चालवू द्यायची नाही. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत कळ किंवा फीट असेल तर थेट रुग्णालय.

मग येतो २१ चा आकडा. मार बसला तो दिवस शून्य धरायचा. सामना खेळता येतो तो लवकरात लवकर २१व्या दिवशी. शनिवारी लागले तर मधले दोन शनिवार गेले. पण ही किमान मुदत आहे, आणि इथेच हिशेब चुकतो. डोक्याला धक्का बसू शकेल असा सराव सुरू करण्याआधी सलग १४ दिवस लक्षणे नसावी लागतात. कुणाची डोकेदुखी दहाव्या दिवसापर्यंत टिकली, तर टॅकलचा सरावच २४व्या दिवसाच्या पुढे जातो. सामना त्याहून नंतर. प्रशिक्षकाच्या वहीत म्हणून दोन तारखा हव्यात: मार बसल्याची आणि लक्षणे थांबल्याची. दुसरी तारीख मला जास्त मोलाची वाटते, कारण ती खेळाडूला विचारल्याशिवाय कळत नाही.

मार टाळण्याचेही आकडे आहेत. वरच्या स्तरावरच्या १,५१६ सामन्यांच्या अभ्यासात डोक्याला मार बसल्याच्या ६११ घटनांपैकी ७६ टक्के टॅकलमध्ये घडल्या, आणि त्यांत जवळपास तीन चतुर्थांश वेळा मार बसला तो टॅकल करणाऱ्यालाच. इंग्लंडने जुलै २०२३ पासून हौशी रग्बीत टॅकलची मर्यादा छातीच्या मधल्या हाडाखाली आणली, त्यामागे हेच गणित आहे. त्याआधी, २०१७ मध्ये, इंग्लंडमधल्या ४० शाळांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. तोल, ताकद आणि मानेचे व्यायाम असलेला सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून तीनदा करणाऱ्या संघांत कंकशन ५९ टक्क्यांनी कमी आढळले. त्याला ना यंत्र लागते, ना पैसा.

इतकी सक्ती कशासाठी, ते कॅनडात २०१३ च्या मे महिन्यात दिसले. ओटावातली १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर शाळेच्या संघाची कर्णधार होती. काही दिवसांत तिच्या डोक्याला दोनदा मार बसला. तिने इंटरनेटवर कंकशनची माहिती शोधली, मैत्रिणींना मेसेज केले. मोठ्या कुणाला सांगितले नाही. ८ मेच्या सामन्यात ती पुन्हा डोक्यावर पडली आणि चार दिवसांनी गेली. आधीचा हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असे क्वचित घडते. २०१५ च्या चौकशीत ज्युरीने ४९ शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये ओंटारियोने तिच्याच नावाने कायदा केला: दर वर्षी नोंदणीआधी खेळाडूने, तो लहान असेल तर आईवडिलांनीही, आणि प्रशिक्षकाने कंकशनची माहिती वाचलीच पाहिजे.