संच पुरा करण्याचा छंद

लहान मुलांचे छंद म्हणजे अभ्यासांतील विघ्नें, असें आमच्या बालपणीं वडीलधाऱ्या मंडळींचें ठाम मत होतें. आणि पुढें चौतीस वर्षें शाळेंत शिकवितांना आम्हींही तेंच मत विद्यार्थ्यांच्या गळीं उतरवीत आलों. गेल्या जून महिन्यांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यामुळें मात्र या मताचा आम्हांस फेरविचार करावा लागला. तो प्रसंग व त्या निमित्तानें मिळविलेली माहिती वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतो. तो सहकुटुंब महिनाभर घरीं आला असतां त्याच्या अकरा वर्षांच्या मुलानें सामानांतून एक जाडजूड वही काढली. कागदाऐवजीं तिला पारदर्शक पानें. प्रत्येक पानास नऊ खण. आणि प्रत्येक खणांत अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असें एकेक पुठ्ठ्याचें चित्र. हीं चित्रें बेसबॉल खेळणाऱ्यांचीं. मागील बाजूस त्या खेळाडूची वर्षावर्षाची कामगिरी आंकड्यांत छापलेली व चित्राचा अनुक्रमांक. टॉप्स नांवाच्या कंपनीनें १९८७ सालीं काढलेल्या या संचांत ७९२ चित्रें आहेत. म्हणजे नऊ खणांचीं बरोबर ८८ पानें. आमच्या नातवाजवळ ७८९ होतीं. तीन खण रिकामे होते.

घरांत लगेच चर्चा सुरू झाली. आमच्या वहिनींनीं, “देवादिकांचीं चित्रें असतीं तर एक वेळ समजलें असतें,” असा शेरा मारला. पुतण्यानें व्यवहाराची गोष्ट सांगितली. “काका, हा अख्खा संच तिकडे अगदीं स्वस्त मिळतो. मी याला नवा आणून देतों म्हटलें, तर नको म्हणतो.” आम्हीं मुलास कारण विचारलें. तो म्हणाला, “आजोबा, मग तो बाबांचा संच होईल.”

या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों, आणि पुढील आठ दिवस या विषयाची माहिती मिळविण्यांत घालविले.

या चित्रांचा उगम फारसा सात्त्विक नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील तंबाखूचे व्यापारी सिगारेटच्या पाकिटांत पुठ्ठ्याचा तुकडा घालूं लागले. त्यायोगें सिगारेटी चेंगरत नसत, आणि त्यावर चित्र छापलें म्हणजे गिऱ्हाईकही फिरून येई. १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें पांचशेंहून अधिक चित्रांचा जो संच काढला, त्यांत पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर याचें चित्र अतिदुर्मिळ आहे. त्यानें हरकत घेतल्यामुळें छपाई लवकरच थांबली. आपल्या चित्रापायीं मुलांनीं तंबाखू विकत घेऊं नये अशी त्याची इच्छा होती, असें कांहीं म्हणतात. प्रश्न मोबदल्याचा होता, असें दुसरे म्हणतात. त्या चित्राची एक प्रत २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकली गेली.

पुढें तंबाखूची जागा च्युइंग गमनें घेतली व हा छंद खऱ्या अर्थानें मुलांचा झाला. पण व्यापाऱ्याची युक्ति सुटली नाहीं. १९३३ सालीं बॉस्टनच्या गौडी कंपनीनें २४० क्रमांकांचा संच काढला. त्यांतील १०६ वें चित्र त्या वर्षीं बाजारांत आलेंच नाहीं! तें मिळेल या आशेनें मुलें पुड्यांमागून पुड्या फोडीत राहिलीं. ज्यांनीं कंपनीकडे पत्रें लिहिलीं, त्यांस १९३४ मध्यें नॅपोलियन लाजवे या जुन्या खेळाडूचें तें चित्र मिळालें. पूर्णत्वाची ओढ मनुष्याच्या ठिकाणीं उपजतच असते. तिचा सदुपयोग व दुरुपयोग असे दोन्ही होऊं शकतात, याचा हा चांगला दाखला होय.

आतां संच लावण्याच्या रीतीकडे वळूं. नवशिका मुलगा चित्रें संघावार लावतो व नामांकित खेळाडूंच्या मागें धांवतो. मुरलेला संग्राहक क्रमांकानें लावतो. तो दोन याद्या ठेवतो, एक उणिवांची व दुसरी जादा प्रतींची. आणि दोहोंचा मेळ घालून अदलाबदल करतो. आमचा नातूही असेंच करतो. त्यास हवे असलेले तिघेही खेळाडू इतके सामान्य, कीं त्यांपैकीं एकाचेंही नांव त्याच्या बापास ठाऊक नव्हतें. आम्हांस येथें हजेरीपटाची आठवण झाली. वर्गांत पहिला येणारा व शेवटच्या बांकावर बसणारा यांचें मोल परीक्षेंत निराळें ठरतें. हजेरींत मात्र कोणीही गैरहजर असला तरी उणीव एकाचीच, आणि ती सारखीच. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणारांस याहून अधिक सांगावयास नको.

या क्षेत्रांतील खरा पंडित म्हणजे जेफरसन बर्डिक. १९०० सालीं जन्मलेला हा गृहस्थ न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज येथें विजेचें साहित्य बनविणाऱ्या कारखान्यांत साधी नोकरी करी. त्यानें १९३९ सालीं अशा सर्व चित्रांची सूचि प्रसिद्ध केली व पुढें ती वाढवीत नेली. प्रत्येक संचास त्यानें एक अक्षर व एक आंकडा दिला. विसाव्या शतकांतील तंबाखूच्या संचांस ‘टी’, एकोणिसाव्या शतकांतील संचांस ‘एन्’. वॅग्नरचें चित्र ज्या संचांत आहे, तो आजही ‘टी २०६’ या त्याच्याच संज्ञेनें ओळखला जातो. पाणिनीनें प्रत्याहारांच्या योगें वर्णांचे मोठमोठे समूह एकेका अक्षरजोडींत बसविले, त्यांतलाच हा प्रकार. पसाऱ्यास नांव मिळालें कीं त्याचें शास्त्र होतें.

बर्डिकनें तीन लक्षांहून अधिक चित्रें जमविलीं. त्यांत तीस हजारांवर बेसबॉलचीं होतीं. तीं विकून तो धनवान् होऊं शकला असता. पण १९४७ पासून त्यानें तीं सारीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास आरंभ केला. संधिवातानें बोटें वांकडीं झालीं असतांही वर्षानुवर्षें तेथें जाऊन तो आपल्या हातानें चित्रें वह्यांत चिकटवीत असे. जानेवारी १९६३ मध्यें हें काम संपलें. मार्च महिन्यांत त्याचें देहावसान झालें.

याच्या उलट उदाहरणही पाहण्यासारखें आहे. जुनीं चित्रें दुर्मिळ झालीं, कारण घरोघरच्या आयांनीं तीं केर म्हणून फेंकून दिलीं होतीं. तीं सोन्याच्या मोलानें विकतात असें पाहून १९८० नंतर मोठीं माणसें नवीन चित्रांचे गठ्ठे सांठवूं लागलीं. कंपन्यांनीं अफाट प्रती छापल्या. आणि सर्वांनींच जपून ठेवल्यामुळें त्या कवडीमोल झाल्या. नातवाचा संच स्वस्त आहे तो याच कारणानें. लोभानें जमविलेलें बुडालें. आवडीनें जमविलेलें बुडण्याचा प्रश्नच नव्हता.

वाचकहो, एक गोष्ट सांगावयाची राहिली. आम्ही दहा वर्षांचे असतांना आगपेट्यांवरील चित्रें जमवीत असूं. एकदां गणितांत नापास झालों, तेव्हां वडिलांनीं तो डबा बंबांत रिकामा केला. त्यांचा हेतु वाईट नव्हता. गणित सुधारलें, हेंही खरें. पण पुढें शिक्षक झाल्यावर आम्हीं किती मुलांचे डबे जप्त केले, त्याचा हिशेब मनाशीं मांडतांना आज संकोच वाटतो.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस आमची विनंति इतकीच: बंद पुड्यांच्या नशिबापायीं मुलगा पैसे उधळीत असेल, तर त्यास अवश्य आवरावें, परंतु त्याचा डबा फेंकण्यापूर्वीं शेजारीं बसून, त्यांत काय आहे व काय नाहीं, हें एकदां त्याच्याच तोंडून ऐकावें.

नातवाचा परवां फोन आला. अदलाबदलींत त्यास दोन चित्रें मिळालीं. एक खण अजून रिकामा आहे. त्याचा क्रमांक आम्हीं आमच्या रोजनिशींत टिपून ठेवला आहे.