न फळणाऱ्या गाईंची मोजदाद

कृत्रिम रेतनाच्या नोंदवहीत ज्या गाईस रेतमात्रा दिली, तिचीच नोंद होते. जी माजावरच आली नाही, अथवा जिचा माज धन्याच्या ध्यानात आला नाही, ती त्या वहीत कधीच येत नाही. उपचाराची गरज मात्र बहुधा तिलाच अधिक असते.

समजा, गाभण व नुकत्याच व्यालेल्या गाई वगळता गावात रेतनयोग्य गाई 100 आहेत आणि वहीत 60 रेतने आहेत. यावरून सेवा 60 गाईंना पोचली असे मानणे चूक होय. काही गाई उलटल्याने दोनदा-तीनदा भरविल्या असतील. प्रत्यक्षात गाई 40 च निघतील व गर्भतपासणीत त्यांपैकी 25 गाभण ठरतील. उरलेल्या 60 गाईंच्या दावणीपर्यंत कोणी गेलेच नाही!

सप्टेंबर 2019 मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रमात प्रत्येक जनावराची नोंद कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून ठेवली गेली. गावच्या वहीतही प्रथम तो क्रमांक लिहावा, म्हणजे एकच गाय तीनदा मोजली जाणार नाही.

यास्तव कार्यकर्त्याने वहीचा आरंभ रेतनापासून न करता दावणीपासून करावा. व्याल्यानंतर 60 ते 90 दिवसांत माज न दिसलेली गाय पशुवैद्यांस दाखवावी. माज साधारणतः 21 दिवसांनी येतो. दोन तारखांत 42 दिवसांचे अंतर दिसल्यास मधला माज हुकल्याची शंका घ्यावी. म्हशींत मुका माज असतो, तेथे अधिक दक्षता हवी. तीनदा भरवूनही उलटणाऱ्या गाईस तपासणीवाचून चौथी मात्रा देऊ नये. उपचार कोणता केला व पुढे गाय गाभण राहिली की नाही, हेही लिहावे. पुष्कळ वह्यांत हा रकाना कोराच आढळतो.

मागे एका वस्तीवर एक शेतकरी आपली संकरित गाय वांझ म्हणून विकावयास निघाले होते. त्यांच्या घरच्या बाईंनी भिंतीवरील दिनदर्शिकेवर खुणा केल्या होत्या. (बायकांना विचारल्याखेरीज ही नोंद पुरी होत नाही, असा माझा अनुभव आहे.) माज दर खेपेस सकाळी दिसे व रेतन होई दुसऱ्या दिवशी दुपारी. माज जेमतेम 12 ते 18 तास टिकतो. सकाळी दिसल्यास त्याच सायंकाळी रेतन व्हावयास हवे. पुढील माजास तसे केले. तीन महिन्यांनी तपासणीत गाय गाभण ठरली.