साधन-वर्णनांचे मूल्यमापन

साधन-वर्णनांचे मूल्यमापन म्हणजे सॉफ्टवेअर साधनांची लेखी वर्णने एआय एजंटला योग्य साधन निवडण्यास व ते योग्य रीतीने वापरण्यास कितपत मार्गदर्शन करतात, हे तपासण्याची प्रक्रिया होय. भाषिक मॉडेलवर आधारलेल्या एजंटला साधनामागील प्रोग्राम सहसा दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि पॅरामीटरांचा तपशील यांवरूनच तो निर्णय घेतो. त्यामुळे प्रोग्राम निर्दोष असूनही वर्णन संदिग्ध असल्यास चुकीची कृती घडू शकते.

पार्श्वभूमी

भाषिक मॉडेल गणकयंत्र, शोधयंत्र यांसारखी साधने केव्हा वापरावीत हे शिकू शकते, असे मेटाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'टूलफॉर्मर' या मॉडेलद्वारे दाखवले. त्याच वर्षी जून महिन्यात ओपनएआयने विकासकांसाठी फंक्शन कॉलिंगची सुविधा उपलब्ध केली. तीत विकासक प्रत्येक फंक्शनचे वर्णन जेसन स्कीमा या ठरावीक स्वरूपात देतो आणि कोणते फंक्शन कोणत्या मूल्यांसह चालवावे, हे मॉडेल सुचवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. त्यामुळे एका विकासकाची साधने दुसऱ्याच्या एजंटला जोडणे सुलभ झाले आणि वर्णनाच्या अचूकतेचे महत्त्व वाढले.

वर्णनातील दोषांचे स्वरूप

एखाद्या काल्पनिक तिकीट-आरक्षण प्रणालीत दोन साधने आहेत असे मानू. एक साधन परताव्याची रक्कम सांगते, तर दुसरे तिकीट रद्द करते. दोहोंचे वर्णन 'तिकीट रद्द करण्यासंबंधी' एवढेच असेल, तर 'तिकीट रद्द केले तर किती पैसे परत मिळतील?' या प्रश्नावर एजंट प्रत्यक्ष तिकीटच रद्द करण्याचा धोका संभवतो. पहिले साधन केवळ माहिती देते, दुसऱ्याची कृती मागे घेता येत नाही आणि ती करण्यापूर्वी प्रवाशाची संमती आवश्यक आहे, असे नमूद केल्यास हा धोका कमी होतो.

पॅरामीटरांच्या बाबतीतही असेच घडते. तारखेचे स्वरूप सांगितलेले नसल्यास '०५/०६' याचा अर्थ ५ जून किंवा ६ मे असा दोन्ही प्रकारे लावता येतो.

मूल्यमापनाची पद्धत

वर्णन वाचून ते माणसाला सुबोध वाटते की नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढणे पुरेसे नसते. एजंटचे प्रत्यक्ष वर्तन तपासावे लागते. त्यासाठी मॉडेल, साधने आणि कामांचा संच कायम ठेवून केवळ वर्णन बदलले जाते व दोन्ही वेळच्या निकालांची तुलना केली जाते. साधारणपणे पुढील बाबी मोजल्या जातात :

* योग्य साधन निवडले गेले का;
* पॅरामीटरांची मूल्ये अचूक होती का;
* कोणतेही साधन लागू पडत नसताना एजंट थांबला का;
* काम अखेरीस पूर्ण झाले का;
* त्यासाठी किती टोकन व किती फेऱ्या लागल्या.

तिसरी बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. वर्णनात साधनाच्या उपयुक्ततेचा अतिरेकी दावा असल्यास एजंट ते अनावश्यक प्रसंगीही वापरतो. म्हणून चाचणीत साधनाची गरज नसलेले प्रश्नही समाविष्ट करतात. वर्णन सुधारताना वापरलेली कामे आणि अंतिम चाचणीची कामे वेगळी ठेवणेही आवश्यक असते. अन्यथा वर्णन ठरावीक प्रश्नांपुरतेच उपयुक्त ठरते.

मानक चाचण्या

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२४ मध्ये सुरू केलेल्या बर्कली फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्ये मॉडेलने सुचवलेल्या फंक्शन कॉलची रचना तपासली जाते, तसेच उपलब्ध फंक्शन गैरलागू असल्याचे मॉडेल ओळखते का, हेही पाहिले जाते. त्याच वर्षीच्या 'टाऊ-बेंच' या चाचणीत किरकोळ विक्री व विमानसेवा या क्षेत्रांतील संवाद घडवून अखेरीस डेटाबेसची स्थिती अपेक्षेप्रमाणे आहे का, हे तपासतात. तिच्या मूळ शोधनिबंधानुसार जीपीटी-४ओ सारखी मॉडेलेही ५० टक्क्यांहून कमी कामांत यशस्वी झाली. किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात तेच काम सलग ८ वेळा यशस्वीपणे करण्याचे प्रमाण २५ टक्क्यांहूनही कमी होते. एकाच यशस्वी प्रयत्नावरून विश्वासार्हता ठरवता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. मात्र अशा चाचण्या मुख्यतः मॉडेलांची तुलना करतात. वर्णनाचा परिणाम जाणण्यासाठी वर सांगितलेली स्वतंत्र तुलना करावी लागते.

मर्यादा आणि सुरक्षा

सविस्तर वर्णन नेहमीच हितकारक नसते. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भ-खिडकीत जागा व्यापते. साधनांची संख्या वाढली की मिळतीजुळती वर्णने गोंधळ निर्माण करतात. एका मॉडेलसाठी परिणामकारक ठरलेले वर्णन दुसऱ्यासाठी तितकेच परिणामकारक असेल, याची शाश्वती नसते. त्यामुळे मॉडेल बदलल्यास चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

वर्णनाचा गैरवापरही होऊ शकतो. त्यात छुप्या सूचना पेरून एजंटकडून गोपनीय माहिती काढून घेण्याच्या प्रकाराला 'टूल पॉइझनिंग' म्हणतात. त्यामुळे वर्णन एजंटला किती प्रभावीपणे मार्ग दाखवते, यासोबतच ते साधनाच्या प्रत्यक्ष कार्याशी प्रामाणिक आहे का, याची तपासणीही मूल्यमापनात महत्त्वाची ठरते.