‘मशीन हे काय मुलींचं काम?’

मुंबईत कॉटन ग्रीन स्टेशनाबाहेर कापसाची जुनी गोदामं आहेत. गिरणगाव धडधडत होतं तेव्हा गिरण्यांतली वायंडिंग आणि रीळ ही खाती मुख्यतः बायकांच्या हातात होती. सूत तुटलं की गाठ मारून काम पुढे चालू ठेवणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांच्याच पणतीला दहावीनंतर कोणी विचारतं, ‘मशीन हे काय मुलींचं काम?’ तेव्हा उत्तर घरातच सापडावं.

‘मुलींना सायन्सची गोडी नसते’ हा दुसरा समज. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत पदवीपासून पीएचडीपर्यंत मुली २९.८ लाख होत्या आणि मुलगे २७.४ लाख. इंजिनिअरिंगमध्ये मात्र मुली अजून बऱ्याच कमी आहेत. आणि नोकरी म्हणून संशोधन करणाऱ्यांत तर पाचांत एक बाईही भरत नाही. म्हणजे गोडी आहे, गळती पुढे होते.

‘हुशार असेल तर कोण अडवतंय?’ अडवलं होतं, आणि तेही साक्षात सी. व्ही. रामन यांनी. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबईतून बी.एस्सी. झाल्या. वडील आणि काका बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजच्या आयआयएससीत) शिकलेले, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक रामन यांनी तो केवळ त्या बाई म्हणून नाकारला. कमलाबाई बंगळुरूला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर उमेदवारी, आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. (लक्ष विचलित होणार त्यांचं, अट मात्र हिला!) वर्षाअखेर रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. वनस्पतींतल्या ‘सायटोक्रोम सी’वरच्या संशोधनासाठी १९३९ मध्ये केंब्रिजने कमलाबाईंना पीएचडी दिली. मुंबईत परतल्यावर त्यांनी विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं.

‘आयआयटीत मुलींसाठी मुलांच्या जागा कापल्या’ हे तर सरळ चुकीचं आहे. २०१८ पासून दिलेल्या जागा अतिरिक्त आहेत. आधीच्या जागांतली एकही कमी झालेली नाही, आणि जेईई अॅडव्हान्स्डमधून मुलींचीही सुटका नाही.

राहिला ‘एवढी फी कोण भरणार?’ हा प्रश्न. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत, तेवढं फॉर्म भरताना पाहा. आणि उत्पन्नाचा दाखला निकालानंतरच्या गर्दीत नको, आत्ताच काढून ठेवा.