शरीरातली सफाई थांबली की...

गालांवर लाल चट्टा उठतो, सांधे धरतात, बारीक ताप हटत नाही. घरातले म्हणतात, अशक्तपणा आहे. कुणी म्हणतात, दृष्ट लागली. भगिनींनो, हा ल्युपस असू शकतो. त्याच्या दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यांच्यातील डीएनए हा लांब धागा असतो. त्याचे तुकडे करणारी विकरे रक्तात आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशींत असतात. सफाई थांबली की वस्तीचे काय होते, हे आपण जाणतो. शरीराचेही तसेच. डीएनए रोगजंतूंतही असतो. त्यामुळे पडून राहिलेला आपलाच धागा प्रतिकारशक्तीला शत्रूचा वाटतो. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मूत्रपिंडात साचून तेथे सूज आणतात.

जपानमध्ये असे एक विकर काढून घेतलेल्या उंदरांना संधिवात झाल्याचे २००६ साली दिसले. २०११ साली सौदी अरेबियातील काही कुटुंबांत दुसऱ्या एका विकराचा जनुक बिघडल्याने मुलांना ल्युपस झाल्याचे आढळले. प्रत्येक रुग्णात मात्र हेच कारण असते असे नाही.

हा रोग संसर्गजन्य नाही. घरातल्या आजारी बाईचे ताट-पेला वेगळे ठेवू नका. पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नका. डॉक्टरांकडून रक्त-लघवी तपासून घ्या. औषधे आहेत, वेळेवर सुरू केली तर मूत्रपिंड वाचू शकते. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.