औद्योगिक बिनतारी यंत्रणेतील गुप्तलेखन-किल्लीची दुर्बलता

यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरात उघड्या कोळसाखाणी आहेत. सुरुंग उडाला की अशा खाणीचे तोंड पुढे सरकते. आज टाकलेली तार उद्या उचलावी लागते. पंप, मापके व नियंत्रणकक्ष यांना जोडण्यास तेथे बिनतारी यंत्रणा सोयीची ठरावी, हे स्वाभाविकच होय. मात्र बिनतारी संदेश खाणीच्या हद्दीपाशी थांबत नाही, आणि म्हणून त्याची सुरक्षितता सर्वस्वी गुप्तलेखनाच्या किल्लीवर विसंबून राहते.

किल्ली १२८ बिटांची आहे, एवढे वाचून खरेदीदाराचे समाधान होते. वस्तुतः लांबी हे किल्लीच्या बळाचे माप नव्हे. ती किती निरनिराळ्या शक्यतांतून निवडली गेली, हे खरे माप होय. २०१३ मध्ये लूकस आपा व कार्लोस पेनागोस या संशोधकांनी प्रोसॉफ्ट टेक्नॉलॉजी या कंपनीच्या ‘रेडिओलिंक्स कंट्रोलस्केप’ या सॉफ्टवेअरमधील दोष उघडकीस आणला. नवे जाळे उभारताना हे सॉफ्टवेअर सांकेतिक शब्द स्वतःच तयार करी; परंतु त्यासाठी लागणाऱ्या यादृच्छिक संख्यांचे बीज म्हणून ते संगणकातील स्थानिक वेळ घेई. ही वेळ सेकंदांत मोजली असे मानल्यास एका वर्षात ३,१५,३६,००० शक्यता होतात. २ च्या २५ व्या घाताहूनही त्या कमीच. म्हणजे जाळे कोणत्या वर्षी उभारले एवढे कळले, की १२८ बिटांचे बळ २५ बिटांवर उतरते. मूळ गुप्तलेखन-पद्धतीत येथे काहीच उणे नव्हते.

दुसरा प्रकार अधिक खेदजनक आहे, कारण तेथे दोष पद्धतीच्या रचनेतच होता. ‘टेट्रा’ या बिनतारी मानकातील टी. ई. ए. १ पद्धतीची किल्ली ८० बिटांची म्हणून सांगितली जाई. प्रत्यक्षात ती आतल्या आत ३२ बिटांपर्यंत आखडते, असे नेदरलंड्समधील ‘मिडनाइट ब्लू’ या संस्थेने २०२३ मध्ये दाखविले. पद्धतीचा तपशील गुप्त ठेवल्यामुळे स्वतंत्र परीक्षकांना तो दोष अनेक वर्षे दिसलाच नाही.

पेढीच्या व्यवहारात भीती असते ती संदेश वाचला जाण्याची. खाणीत ती खोट्या संदेशाची असते. किल्ली हाती लागलेला मनुष्य पावसाळ्यात बंद पडलेला पंप चालू असल्याचे मोजमाप पाठवू शकतो, आणि खालच्या थरावर पाणी चढत असल्याचे नियंत्रणकक्षास कळत नाही.

प्रोसॉफ्टने पुढे सुधारित सॉफ्टवेअर उपलब्ध केले. परंतु ते बसविल्याने आधी तयार झालेला सांकेतिक शब्द आपोआप बदलत नाही. तो प्रत्येक यंत्रात नव्याने भरावा लागतो. चालत्या खाणीत त्यासाठी दळणवळण काही काळ खंडित करावे लागते, आणि पुढे ढकलले जाते ते नेमके हेच काम.