घर, गोठा आणि खळे: महाराष्ट्रातील पुनर्वसित गावांच्या रचनेचा मागोवा

धरण, भूकंप किंवा दरड यांमुळे मूळ जागा सोडावी लागलेल्या खेड्यांची नवी रचना महाराष्ट्रात गेली अनेक दशके होत आली आहे. या प्रदीर्घ अनुभवात पाणी, रस्ते, शाळा आणि पक्के छत या बाबतींत बरीच प्रगती झाली. मात्र शेतकऱ्याचे घर हे राहण्याच्या जागेइतकेच त्याच्या शेतीच्या कामाचेही ठिकाण असते, ही गोष्ट नियोजनाच्या नकाशात फार उशिरा आणि अपुरी उमटली. कोयना धरणाच्या काळात विस्थापितांसाठी सर्वंकष कायदाच नव्हता. 1976 च्या कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या 1986 व 1999 च्या कायद्यांनी, लाभक्षेत्रातील, म्हणजे धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या टापूतील, मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती बाधितांना देण्याची आणि नव्या गावठाणात नागरी सुविधा पुरवण्याची चौकट घातली. गावठाण म्हणजे महसुली नोंदीप्रमाणे गावातील वस्तीची जागा. जमीन एका कलमाखाली आणि गावठाण दुसऱ्या कलमाखाली मिळत असल्याने दोहोंमधील अंतराचा प्रश्न प्रशासनाच्या दृष्टीने दुय्यम राहिला; शेतकऱ्याला मात्र ते अंतर रोज दोनदा, बैलांसह, चालावे लागे.

सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, तेव्हा या विभागणीचे स्वरूप अधिक ठळक झाले. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबे पाड्यांत विखरून राहत. एकेक घर आपल्या शेताच्या मधोमध असे आणि दोन घरांमध्ये पीक उभे असे. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन, कुटुंबाला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा आणि घरासाठी 60 फूट बाय 90 फुटांचा भूखंड मान्य केला. हा भूखंड त्या काळाच्या मानाने उदार होता. गोठा, कोंबड्यांची जागा आणि थोडी परसबाग त्यावर सहज मावू शकत होती. तळोद्याच्या बाजूस वसवलेल्या वसाहतींत मात्र घरे सरळ रेषेत आली व शेते त्यांच्यापासून वेगळी पडली, त्यामुळे रानाची राखण, गुरांची देखभाल आणि घरकाम ही जी कामे एका उंबऱ्यावरून होत असत, ती माणसांमध्ये वाटून घ्यावी लागली.

लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा केला. किल्लारी परिसरातील जुनी घरे दगड आणि मातीच्या जाड भिंतींची होती. लाकडी खांब आणि तुळयांवर मातीचा जाड थर टाकून केलेले धाब्याचे छत उन्हाळ्यात गारवा देत असे, पण त्याचे वजन आणि चिखलात रचलेल्या भिंतींचा सुटेपणा यांमुळे तीच घरे हजारो लोकांच्या मृत्यूचे कारण ठरली. साहजिकच दगडमातीविषयी धसका बसला आणि काँक्रीटचा आग्रह लोकांमधूनही आला, हे आजच्या टीकाकारांनी विसरू नये. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे पूर्णपणे नव्या जागी नेण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना 750.

या मोजमापात एक विचित्र विसंगती आहे. घराचा आकार शेतीवरून ठरला, पण त्या आकारात शेतीसाठी काही नव्हते. जुन्या घरात दावणीला बैल, आडोशाला कडबा, भिंतीत बांधलेले धान्याचे बळद किंवा जमिनीत खणलेले ज्वारीचे पेव, आणि अंगणात वाळवण, अशी सगळी व्यवस्था एकाच भिंतीच्या आत असे. नव्या घरात खोल्या मोजून दिल्या होत्या. शिवाय ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला सर्वांत लहान घर मिळाले. वस्तुतः भूमिहीनाची उपजीविका पुष्कळदा शेळ्या, कोंबड्या आणि घरालगतच्या जागेवरच अवलंबून असते, म्हणजे गरज उलट्या क्रमाने होती.

रचनाही शहरी वसाहतीच्या धर्तीची झाली. रुंद काटकोनी रस्ते आणि एकसारखे भूखंड यांमुळे नवी गावे जुन्यांच्या कितीतरी पट पसरली, गल्लीतली सावली गेली, पारावरची बैठक विरली आणि भावकीची घरे एकमेकांपासून दूर पडली. भावकी म्हणजे केवळ नातेसंबंध नव्हे. पेरणीच्या दिवसांत बैल उसने देणे, राशीवर हात लावणे, आजारपणात गुरांना पाणी दाखवणे ही तिची कामे होती. जुन्या गावाचा गौरव करताना त्याच गल्ल्यांनी दलित वस्ती कडेला ठेवली होती हेही ध्यानात घ्यावे लागते, त्यामुळे जुनी रचना जशीच्या तशी उचलणे हा पर्याय कधीच निर्दोष नव्हता. लोकांनी स्वतःच दुरुस्त्या सुरू केल्या: सिमेंटच्या घरापुढे पत्र्याचे छप्पर टाकून तेथेच राहणे, पक्की खोली धान्यासाठी वापरणे, दगडी कुंपणाने भूखंड वाड्यासारखा बंद करणे आणि मागच्या बाजूस गोठा बांधणे. या वाढीव बांधकामांना अनेकदा अतिक्रमण किंवा हेळसांड समजले गेले; खरे तर मूळ आराखड्यावरचा तो सर्वांत अचूक अभिप्राय होता.

त्याच कार्यक्रमातील दुसरी वाट तुलनेने दुर्लक्षित राहिली. जेथे पडझड कमी होती, अशा गावांत लोकांनी आपले घर जागेवरच दुरुस्त व बळकट करावे असे ठरले, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने स्त्रियांच्या गटांना प्रशिक्षण देऊन त्या कामात उतरवले. येथे भिंती बळकट झाल्या, पण दावण आणि बळद आपल्या जागी राहिले. कमी खर्चाची ही पद्धत प्रत्येक ठिकाणी शक्य नव्हती. तरी ज्या गावांत ती अवलंबली गेली तेथे नवे घर आणि जुनी शेती यांना पुन्हा जुळवून घ्यावे लागले नाही.

पुढे पुनर्वसित गावठाणांच्या सुविधांच्या यादीत मळणीची सामाईक जागा म्हणजे खळवाडी आणि चराईचे गायरान यांनाही स्थान मिळाले, ही निश्चित सुधारणा होय. तथापि आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी दरड कोसळून 151 जणांचा बळी गेल्यानंतर जवळच्या आमडे येथे जे नवे गाव 2017 मध्ये उभे राहिले, त्याकडे पाहता जमिनीचा उतार वाचण्याचा प्रश्न कायम असल्याचे दिसते. भूकंपरोधक घरे, शाळा आणि रस्ते असलेल्या या वसाहतीत पहिल्याच पावसात रस्ते आणि संरक्षक भिंती खचल्या. उतारावर भातखाचरे बांधून पाणी कोठे अडवायचे व कोठे सोडायचे, हे ज्ञान महादेव कोळी शेतकऱ्यांच्या पिढ्यांकडे होते, आणि ते शेतबांधांइतकेच घरांच्या जोत्यांनाही लागू पडणारे होते.